दारावरील विजेची घंटा : दुरुस्ती आणि निगा

वाड्यांच्या दिवसांत पाहुणा आला कीं तो दिंडी दरवाजाची कडी वाजवीत असे, आणि कडीच्या ठोक्यावरूनच घरांतील माणसें ओळखीत कीं बाहेर तगादेवाला उभा आहे कीं शेजारचें पोर. पुढें मजल्यांवर मजले चढले, दार आणि स्वयंपाकघर यांमधील अंतर वाढलें, व कडीची जागा विजेच्या घंटेनें घेतली. या घंटेला शहरांतून सर्वत्र ‘बेल’ म्हणतात, आणि हा शब्द आतां मराठीच होऊन बसला आहे. तेव्हां तोच येथें वापरणें सोयीचें. कडी निखळली तर सुतार बोलवावा लागे. बेल बंद पडली म्हणजे मात्र घरांतील एखादा हौशी गृहस्थ स्क्रूड्रायव्हर घेऊन स्वतःच स्टुलावर चढतो, आणि काळजीचा विषय येथूनच सुरू होतो.

घरांतील विजेच्या इतर उपकरणांना बहुधा घरचींच माणसें हात लावतात. बेलचें बटन तेवढें असें आहे कीं त्याला परका मनुष्य हात लावतो, आणि तोहि घराबाहेर उभा राहून. पहांटे दूध घेऊन येणारा गडी, पावसांत भिजत आलेला टपालवाला, कचरा नेणारी बाई, खालच्या मजल्यावरील चार वर्षांचा मुलगा, यांपैकीं कोणाचे हात ओले आहेत आणि कोणाच्या पायांत वहाण नाहीं, हें घरधन्याला ठाऊक नसतें. त्या बटनाच्या आंत किती दाबाची वीज आहे, हें त्या बिचाऱ्यांना ठाऊक नसतें. पुष्कळदां तें घरधन्यालाहि ठाऊक नसतें.

बेलचें मूळ तत्त्व जुनें आहे. तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे जवळची चुंबकसूची हलते, हें डेन्मार्कमधील ओर्स्टेड यानें १८२० सालीं दाखविलें. मऊ लोखंडाच्या दांड्याभोंवतीं तारेचे वेढे दिले, तर वीज वाहते तोंवर तो दांडा चुंबक बनतो, आणि वीज थांबतांच त्याचें चुंबकत्व ओसरतें. अमेरिकेंत ऑल्बनी येथील शाळेंत शिकविणाऱ्या जोसेफ हेन्री या मास्तरानें १८३१ सालीं सुमारें मैलभर लांबीची तार खोलीभोंवतीं फिरवून तिच्या टोकाशीं अशाच विद्युच्चुंबकाच्या योगानें घंटा वाजवून दाखविली. पुढें तारायंत्रानें सारें जग जोडलें गेलें, त्याच्या मुळाशीं शाळेच्या खोलींत वाजलेली ही घंटा आहे, हें विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखें आहे.

या काळच्या घंटा घटांवर, म्हणजे बॅटरीवर, चालत. फ्रान्समधील लेक्लांशे यानें १८६६ सालीं जो घट तयार केला, त्यांत कांचेच्या बरणींत नवसागराचें पाणी आणि त्यांत जस्ताची कांडी व कोळशाची वडी असे. हा घट सतत वापरला तर थकतो, पण विसावा मिळाला कीं पुन्हां ताजा होतो. दारावरची घंटा दिवसांतून दहा-पांच वेळांच वाजावयाची, म्हणून तिला तो अगदीं मानवला. विजेरींत घालावयाचा साधा कोरडा सेल हा त्याचाच वंशज. अशा एका घटाचा दाब सुमारें दीड व्होल्ट. दोन-तीन घट जोडले तरी चार-साडेचार व्होल्ट. त्या बटनाला भिजलेल्या हातानें स्पर्श झाला तरी कोणाला कांहीं होत नसे.

नंतर घरोघर वीजकेंद्राची वीज आली, आणि येथें दोन वाटा फुटल्या. इंग्लंड व अमेरिका या देशांत बेलसाठीं एक लहानसा ट्रान्स्फॉर्मर बसविण्याची चाल पडली. तो मुख्य विजेचा दाब उतरवून इंग्लंडांत बहुधा ८ व्होल्ट आणि अमेरिकेंत बहुधा १६ व्होल्ट करतो, आणि तेवढीच वीज दाराच्या बटनापर्यंत जाते. आपल्या देशांतील शहरांत मात्र बहुतेक घरांतून २३० व्होल्टांची वीज दिव्यापंख्याप्रमाणेंच थेट बेलला व बटनाला दिलेली असते. वायरिंग करतांना एक तार दाराबाहेर काढली कीं काम झालें. ट्रान्स्फॉर्मरचा खर्च वांचला. गैरसोय कांहींच दिसत नाहीं, म्हणून कोणी विचारहि करीत नाहीं.

या फरकाचा परिणाम दुरुस्तीच्या वेळीं होतो. बेल दुरुस्त करण्याविषयींचीं इंग्रजी पुस्तकें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील पहिलाच उपाय बहुधा असा असतो : बटन काढा, त्याच्या मागील दोन तारा एकमेकींना टेंकवा, बेल वाजली तर दोष बटनांत आहे, न वाजली तर दोष दुसरीकडे आहे. आठ किंवा सोळा व्होल्टांच्या तारांना ही रीत ठीक आहे. मुंबईपुण्याच्या घरांत २३० व्होल्टांच्या उघड्या तारा हातांत धरून हाच प्रयोग करणें म्हणजे जिवाशीं खेळ आहे. जें वाक्य त्या देशांत निरुपद्रवी, तेंच येथें घातक ठरतें. आणि पुस्तक वाचणारा गृहस्थ सुशिक्षित असल्यामुळेंच तें अक्षरशः पाळण्याचा संभव अधिक.

जर्मनींतील ओहम या शाळाशिक्षकानें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेला नियम येथें उपयोगी पडतो. दाबाला रोधानें भागलें कीं प्रवाह मिळतो. कोरड्या कातडीचा रोध बराच मोठा असतो. ओल्या कातडीनें तो फार खालीं येतो, व अशा वेळीं सर्व शरीराचा रोध सुमारें एक हजार ओहम धरण्याची रीत आहे. २३० ला १००० नें भागलें तर प्रवाह २३० मिलिअँपियर होतो. स्नायू आखडून हात सुटेनासा होण्यास दहा-वीस मिलिअँपियर पुरतात, आणि हृदयाचा ताल बिघडण्यास या २३० च्या कितीतरी कमी प्रवाह पुरेसा होतो. याच हिशेबानें आठ व्होल्टांच्या बटनांतून फार तर आठ मिलिअँपियर जातील. शिवाय दाब कमी असला म्हणजे कातडीचा रोध अधिक राहतो, म्हणून प्रत्यक्षांत तेवढेहि जात नाहींत.

याचा अर्थ २३० व्होल्टांची प्रत्येक बेल धोक्याची असा नव्हे. बटनाची प्लॅस्टिकची टोपी व मागील पेटी शाबूत आणि कोरडी आहे तोंवर दाबणाऱ्याला भय नाहीं. टोपीला तडा जाणें, स्क्रू ढिला होऊन बटन भिंतीपासून सुटणें, पावसाचें पाणी आंत झिरपणें, यांपैकीं कांहींहि झालें कीं तें भय उभें राहतें. जुन्या घरांतून बटनाला पितळी तबकडी असते. ती दिसावयास शोभिवंत असली, तरी आंतील तार तिला टेंकली तर सबंध तबकडींत वीज उतरते. ती काढून टाकणेंच बरें.

आपल्या घरची बेल कोणत्या जातीची, हें प्रथम ओळखावें. बेलच्या पाठीवर किंवा झांकणाच्या आंत दाब छापलेला असतो. मेन स्विचच्या आसपास मुठीएवढा ट्रान्स्फॉर्मर दिसत नसेल, आणि दारावरील बटन दिव्याच्या बटनांच्याच घडणीचें असून त्यावर नुसतें घंटेचें चित्र असेल, तर बेल २३० व्होल्टांवर चालते असें समजावें. कांहींच उमगलें नाहीं तरीहि तेंच समजावें.

आतां एक समज दूर केला पाहिजे. पुष्कळांना वाटतें कीं फेजची तार बटनांतून नेली असली म्हणजे बटन उघडण्यास हरकत नाहीं. वस्तुतः बटन दाबलेलें नसतांनाहि त्याच्या एका टोकाला वीज असतेच. न्यूट्रल तार बटनांतून नेली असेल तर तो प्रकार अधिक वाईट : मग बेलच्या वेटोळ्यांतून येऊन वीज बटनाच्या टोकाशीं उभी राहते, आणि बेल गप्प असतांनाहि तिची सबंध तार जिवंत असते. फेज बटनांतून नेणें हीच योग्य रीत. पण कोणत्याहि रीतीनें बटनाचें पोट उघडतांना पुरवठा बंद असलाच पाहिजे.

पुरवठा बंद करणें हें वाटतें तितकें सरळ नाहीं. दिवाणखान्यांतील बोर्डावरचें बटन बंद करून भागत नाहीं. तें फक्त एक तार तोडतें, आणि ती फेजचीच असेल याची खात्री जुन्या वायरिंगमध्यें देतां येत नाहीं. एकेरी एम्. सी. बी. विषयींहि तेंच. दोन्ही तारा तोडणारा मुख्य स्विच खालीं करावा. ज्या घरांत इन्व्हर्टर आहे तेथें एवढ्यानेंहि भागत नाहीं. मुख्य वीज गेली असें पाहून इन्व्हर्टर आपलें काम चोख बजावतो, आणि बेल त्याच्या वाटेवर जोडलेली असेल तर तिच्यांत २३० व्होल्ट पूर्ववत् हजर असतात. भारनियमनाच्या काळांत हीं यंत्रें घरोघर आलीं, आणि ‘मेन बंद म्हणजे सर्व बंद’ हा जुना भरंवसा त्यांबरोबर गेला. मुख्य स्विचनंतर इन्व्हर्टरहि बंद करावा, आणि घरांतील माणसांना तसें सांगून ठेवावें. नाहीं तर कोणीतरी पंखा हवा म्हणून तो पुन्हां चालू करतो.

यानंतर टेस्टर. खिशांत बसणाऱ्या टेस्टरचा दिवा पेटला तर तार जिवंत आहे हें नक्की; पेटला नाहीं तर ती मेलेली आहे हें मात्र नक्की नव्हे. टेस्टर बिघडलेला असूं शकतो. कोरड्या लांकडी स्टुलावर उभें राहिल्यानें त्याचा उजेड मंद होतो. उन्हांत तर तो दिसतच नाहीं. म्हणून मेन बंद करण्यापूर्वीं टेस्टर चालू सॉकेटवर लावून तो पेटतो हें पाहावें, मग बेलच्या तारांवर लावावा. काम आटोपून वीज सुरू केल्यावर तो पुन्हां सॉकेटवर लावून पाहावा. तेव्हां न पेटला, तर मधली परीक्षा फुकट गेली असें समजून तो टेस्टर फेंकून द्यावा.

दोष कोठें आहे हें पुष्कळसें कानांनींच कळतें. एकानें बाहेर बटन दाबावें, दुसऱ्यानें आंत बेलजवळ उभें राहून ऐकावें. बेल कांहीं वेळां वाजते व कांहीं वेळां वाजत नाहीं, असें असल्यास दहांपैकीं नऊ वेळां दोष बटनांत असतो. नुसतें गुणगुणणें ऐकूं येतें पण ठोका पडत नाहीं, तर वीज बेलपर्यंत पोंचली आहे आणि बेलचें यंत्र अडलें आहे. अगदीं शांतता असेल, तर बटन, तार, बेलचें वेटोळें यांपैकीं कांहींतरी तुटलें आहे. ही गुणगुण कशाची, असा प्रश्न मुलें हटकून विचारतात. आपली वीज सेकंदास ५० वेळां आवर्तन करते, आणि प्रत्येक आवर्तनांत चुंबक दोनदां ओढतो व दोनदां ढिला पडतो. म्हणून लोखंडाची पट्टी सेकंदास १०० वेळां थरथरते, आणि कानाला एक अखंड सूर लागतो.

बटनाच्या पोटांत दोन पितळी पट्ट्या असतात. दाबल्यावर त्या एकमेकींना भिडतात व सोडल्यावर स्वतःच्या ताणानें दूर होतात. दमट हवेंत पितळेवर कळंक चढतो, प्रत्येक वेळीं उडणाऱ्या बारीक ठिणगीनें काजळी धरते, कधीं मुंग्या आंत घर करतात. पुरवठा वर सांगितल्याप्रमाणें बंद करून या पट्ट्या अत्यंत बारीक पॉलिश-पेपरनें हलकेच घासाव्या, कोरड्या फडक्यानें पुसाव्या, आणि पट्टी दबून बसली असेल तर ती किंचित् उचलावी. तारांचीं टोकें काळीं पडलीं असल्यास तेवढा भाग कापून नवीन टोक काढावें. तांब्याचा एकहि केस स्क्रूच्या बाहेर राहतां कामा नये. मात्र बटनालाच तडा गेला असेल, किंवा त्याचें प्लॅस्टिक उन्हानें ठिसूळ झालें असेल, तर डिंकाचे व चिकटपट्टीचे प्रयोग करण्यांत अर्थ नाहीं. नवीन बटन स्वस्त मिळतें.

बटन व तार तपासण्यास घरींच एक साधन करतां येतें. विजेरीचे दोन सेल, विजेरीचा लहान दिवा आणि दोन हात तार एवढें पुरें. मेन बंद असतांना, बटनापासून तारा सोडवून, या साधनाचीं दोन टोकें बटनाच्या दोन स्क्रूंना लावावीं. दाबल्यावर दिवा लागला आणि सोडल्यावर विझला, कीं बटन चांगलें. बेलच्या वेटोळ्यावर मात्र ही युक्ति चालत नाहीं. तेथें केसासारख्या तारेचे शेंकडों, कधीं हजारों वेढे असतात आणि रोध इतका असतो कीं वेटोळें चांगलें असूनहि दिवा लागत नाहीं. या अज्ञानापायीं पुष्कळ चांगल्या बेली मोडींत जातात. त्या कामीं मल्टिमीटर हवा.

‘डिंग-डाँग’ वाजणाऱ्या बेलमध्यें वेटोळ्याच्या पोकळींतून एक लोखंडी दांडी सरकते. बटन दाबतांच ती झेंपावून एका पट्टीवर आपटते, तो ‘डिंग’. बटन सोडतांच स्प्रिंगच्या जोरानें परतून दुसऱ्या पट्टीवर आपटते, तो ‘डाँग’. नुसताच पहिला सूर येऊं लागला, तर दांडी धुळीनें किंवा गंजानें अडकते आहे. तेव्हां घरांतील शिवणयंत्राचें तेल आणून दोन थेंब सोडण्याचा मोह होतो; तो आवरावा. तेल धूळ धरून ठेवतें, आणि थोड्याच महिन्यांत दांडी पूर्वींपेक्षां घट्ट बसते. दांडी व पोकळी कोरड्या फडक्यानें पुसली कीं काम होतें.

चिमणीसारख्या किलबिलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बेलीची तऱ्हा निराळी. बटनांत अंधारांत दिसण्यासाठीं बारीक दिवा बसविलेला असला, तर त्या दिव्यावाटे अत्यल्प प्रवाह बेलकडे सारखा झिरपत असतो, आणि मध्यरात्रीं कोणी नसतांना चिमणी एखादी लकेर मारते. पावसाळ्यांत बटनांत ओल शिरली तरी हेंच होतें. घरांतील वडील माणसें दार उघडून पाहतात, बाहेर कोणीच नसतें, आणि मग नाहीं नाहीं त्या शंका निघतात. दिव्याचें बटन काढून साधें बटन लावलें, किंवा ओल काढली, कीं भूत जातें.

सर्वांत दुर्लक्षित दोष म्हणजे बटन अडकून बसणें. बेलचें वेटोळें क्षणभर वीज घेण्यासाठीं केलेलें असतें. अखंड वीज सोसण्याची त्याला संवय नसते. रंगारी बटनावरून कुंचला फिरवितो, मुलें त्यांत कागदाची घडी खुपसतात, स्प्रिंग थकते, आणि बटन दाबलेलेंच राहतें. डिंग-डाँग बेल एकदां वाजून गप्प बसते; कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि वेटोळें तापत राहतें. प्रथम जळक्या वार्निशाचा वास येतो, मग प्लॅस्टिक वितळतें. घरीं कोणी नसतांना हें घडलें तर प्रकरण एका बेलवर थांबेलच असें नाहीं. यासाठीं बेलला दिवाणखान्याच्या बोर्डावर स्वतंत्र स्विच असावा, आणि गांवाला जातांना गॅसच्या नळाबरोबर तोहि बंद करावा. पुण्यांतील कित्येक घरांत असा स्विच दुपारीं एक ते चारसाठीं आधींच बसविलेला आढळतो. त्याचा हा दुसरा उपयोग.

दाराबाहेरील बटन उघड्या व्हरांड्यांत किंवा बंगल्याच्या फाटकावर असेल, तर तेथें पाण्यापासून रक्षण करणारें, रबरी कडें असलेलें बटनच लावावें. तार बटनांत वरून न आणतां खालून आणावी, आणि आंत शिरण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारें पाणी त्या झोलावरून टपकतें, आंत जात नाहीं. फाटकावर २३० व्होल्टांची बेल नेणें हें मुळांतच चुकीचें आहे. तेथें ट्रान्स्फॉर्मर हवाच. आणि खरें पाहतां तो प्रत्येक दारालाच हवा. बेलसाठीं मिळणारा, आंतील दोन वेटोळीं परस्परांपासून पूर्ण अलग असलेला, आय्. एस्. आय्. चिन्हाचा ट्रान्स्फॉर्मर घ्यावा व तो मेन बोर्डाजवळ, घराच्या आंत बसवावा. त्याबरोबर बेलहि तितक्याच व्होल्टांची बदलावी लागते, हें दुकानांत विसरलें जातें. कमी दाबाच्या तारा मुख्य विजेच्या पाइपांतून नेऊं नयेत. एखादी जुनी तार सोललेली निघाली कीं सारा खटाटोप व्यर्थ. हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावें. ज्यांना भिंती उकरावयाच्या नाहींत त्यांना बिनतारी बेल आहे. तिच्या बटनांत नुसता एक लहान सेल असतो, आणि तो संपल्याचें मात्र पाहुणा ताटकळल्यावरच कळतें.

तोंवर निदान आर्. सी. सी. बी. तरी घरांत असावा. जाणारा व परतणारा प्रवाह तो सारखा ताडून पाहतो, आणि ३० मिलिअँपियरांचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज भलत्याच वाटेनें, कदाचित् कोणाच्या शरीरांतून जमिनींत जात आहे असें दिसलें, कीं सेकंदाच्या लहानशा अंशांत पुरवठा तोडतो. त्यावरील ‘टेस्ट’ लिहिलेलें बटन महिन्यांतून एकदां दाबून पाहावें. कोणाला धक्का बसून तो विजेला चिकटलाच, तर त्याला हातानें ओढूं नये. आधीं मेन व इन्व्हर्टर बंद करावा, तें जमलें नाहीं तर कोरड्या लांकडानें त्याला दूर लोटावें, आणि मग १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

मृग लागण्यापूर्वीं गच्चीच्या भेगा बुजविणें, छत्र्या काढणें हीं कामें घरोघर होतात. त्याच रविवारीं बटनाची टोपी, स्क्रू व तारेचा झोल पाहून घ्यावा. कोणत्या एम्. सी. बी. वर बेल आहे, व ती इन्व्हर्टरच्या वाटेवर आहे कीं नाहीं, हें एका चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहून ती मेन बोर्डाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवून ठेवावी.